एस्टरच्या वाटेतले पाणी

कार्बोक्झिलिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर करायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅटॅलिस्ट कोणता घ्यायचा? सल्फ्युरिक आम्ल की पीटीएसए, रेझिन की झिरकोनिया? एम.एस्सी.चा प्रकल्प असो वा एमआयडीसीतला दोन हजार लिटरचा रिॲक्टर, चर्चा इथूनच सुरू होते आणि बहुतेक वेळा इथेच संपते. या विषयावरचे गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचे काम सलग वाचत गेले तर मात्र वेगळेच काही दिसते. आम्ल उत्प्रेरक या अभिक्रियेला वेग देतो, बस. ती कुठवर जाणार हे पाणी ठरवते. हे पाणी बाहेरून आलेले नसते, अभिक्रियेतच एस्टरच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू जन्माला येतो. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: हे पाणी जाणार कुठे? त्याचे उत्तर हाती आले की उत्प्रेरकाची निवड पुष्कळशी आपोआप होते.

आपल्याकडे हा प्रश्न मागे का पडतो याचे एक कारण कॉलेजच्या प्रयोगशाळेतच सापडते. परीक्षानळीत थोडे ॲसेटिक आम्ल, थोडे इथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब घ्यायचे, नळी गरम पाण्यात धरायची, मग ते मिश्रण सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ओतायचे. फळासारखा वास आला की चाचणी जमली. नाकाला वास यायला अगदी थोडा एस्टर पुरतो. अभिक्रिया दहा टक्के झाली की साठ टक्के हे तिथे कळत नाही आणि त्या चाचणीत कळायची गरजही नसते. पण समीकरणातला दुहेरी बाण त्यामुळे वहीतच राहतो. विद्यार्थ्याच्या मनात ठसते ते एवढेच की सल्फ्युरिक आम्ल घातले की एस्टर होतो.

तो दुहेरी बाण ज्या कामातून आला ते रसायनशास्त्राच्या इतिहासातले फार मोठे काम आहे. ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र ऊर्ध्वपातित करून एथिल ॲसिटेट मिळवण्याचा पहिला मान फ्रान्सच्या काउंट द लोरागे यांना, १७५९ साली. १७८२ मध्ये स्वीडनच्या शीले यांनी दाखवून दिले की थोडे खनिज आम्ल घातले तर हे काम कितीतरी सहज होते. म्हणजे आम्ल उत्प्रेरण हा शब्द जन्मण्याच्या अर्धशतक आधी ते वापरात होते. पुढे १८६२-६३ मध्ये मार्सेलँ बर्थेलो आणि लेओं पेआँ द सँ-जील यांनी अपार चिकाटीचा अभ्यास केला. आम्ल आणि अल्कोहोल काचेच्या बंद नळ्यांत घालायचे, ठरावीक तापमानाला ठेवायचे, ठरावीक काळाने नळी फोडून किती आम्ल उरले ते मोजायचे. आम्ल आणि अल्कोहोल सारख्या मोलप्रमाणात घेतले तर रूपांतरण सुमारे दोन तृतीयांशांवर येऊन थांबते, मग कितीही वाट पाहा. उलट बाजूने, म्हणजे एस्टर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन निघाले, तरी मिश्रण त्याच ठिकाणी येऊन पोचते. तापमान वाढवले तर तिथे लवकर पोचता येते, पण मुक्काम जवळजवळ बदलत नाही.

या निरीक्षणाचा फायदा नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी उचलला. १८६४ मध्ये त्यांनी मांडलेल्या वस्तुमानक्रियेच्या नियमामागे बर्थेलो-सँ-जील यांची आकडेवारी उभी होती. रासायनिक समतोलाची आज आपण शिकतो ती सगळी भाषा अशा रीतीने एका साध्या एस्टरच्या नळ्यांतून आली आहे.

दोन तृतीयांश रूपांतरणाचा अर्थ समतोल स्थिरांक सुमारे ४. ही संख्या हाताशी ठेवली की कागदावरच पुष्कळ काही उलगडते. एका मोल ॲसेटिक आम्लाला एक मोल इथेनॉल दिले तर ६७ टक्के आम्ल एस्टर होते. दोन मोल दिले तर ८४-८५ टक्के, तीन मोल दिले तर ९० टक्के, दहा मोल दिले तर ९७ टक्के. आता दुसरी बाजू. एक मोल आम्ल, एक मोल इथेनॉल आणि सोबत आधीपासूनच दहा मोल पाणी असेल, म्हणजे साधारण २५ टक्के तीव्रतेच्या विरल ॲसेटिक आम्लापासून सुरुवात केली असेल, तर समतोलाला जेमतेम २३ टक्के आम्ल एस्टर झालेले असते. या एकाही आकड्यात उत्प्रेरक कोणता याचा उल्लेख नाही, कारण त्याने यातला एकही आकडा बदलत नाही.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. या अभिक्रियेत उष्णता जवळपास बाहेरही पडत नाही आणि आतही घेतली जात नाही. त्यामुळे तापमानाने समतोल सरकवता येईल ही आशा इथे फोल ठरते. अमोनियाच्या निर्मितीत तापमान आणि दाबाची जी खेळी करता येते ती इथे नाही. हाताशी उपाय दोनच: एक कच्चा माल भरपूर जादा घेणे किंवा उत्पादनांपैकी एक बाहेर काढत राहणे.

बर्थेलोनंतर तीसेक वर्षांनी एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांचा १८९५चा निबंध आला. आज ही अभिक्रिया फिशर किंवा फिशर-श्पायर एस्टरीकरण म्हणून ओळखली जाते ती या निबंधामुळे. तोपर्यंतची रीत अशी की अल्कोहोलमध्ये कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू तो अगदी संपृक्त होईपर्यंत सोडायचा. फिशर आणि श्पायर यांनी दाखवले की एवढ्याची मुळीच गरज नाही. निर्जल अल्कोहोलात सुमारे तीन टक्के हायड्रोजन क्लोराइड किंवा थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून काही तास उकळत ठेवले तरी उत्तम उतारा मिळतो. फिशर यांना १९०२ साली मिळालेले नोबेल शर्करा आणि प्युरिनवरच्या कामासाठी होते, एस्टरसाठी नव्हे. पण जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव रोज घेतले जाते ते बहुधा या एका कृतीमुळे. त्या कृतीत 'निर्जल' आणि 'भरपूर अल्कोहोल' या दोन अटी आहेत. लोक लक्षात ठेवतात तिसरी, आम्लाची.

अभिक्रिया घडते कशी? आम्ल उत्प्रेरकाचा प्रोटॉन कार्बोक्झिलिक आम्लाच्या कार्बोनिल ऑक्सिजनवर बसतो. त्यामुळे शेजारच्या कार्बनवर इलेक्ट्रॉनांचा तुटवडा वाढतो आणि अल्कोहोलचा ऑक्सिजन, जो एरवी फारसा पुढाकार घेत नाही, त्या कार्बनला जोडला जातो. चार एकेरी बंधांचा एक मधला, अल्पायुषी रेणू तयार होतो. प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर सरकतो, पाण्याचा रेणू सुटतो, कार्बोनिल पुन्हा उभा राहतो आणि उत्प्रेरकाचा प्रोटॉन मोकळा होतो. इथे अल्कली चालत नाही, कारण अल्कलीने कार्बोक्झिलिक आम्लाचे लवण होते आणि ऋण भार घेतलेल्या त्या आयनाकडे अल्कोहोल फिरकत नाही.

बाहेर पडणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन आम्लाकडचा की अल्कोहोलकडचा, हा बराच काळ वादाचा मुद्दा होता. १९३८ मध्ये आयर्विंग रॉबर्ट्‌स आणि हॅरल्ड यूरी यांनी जड ऑक्सिजन-१८ भरपूर असलेले मेथॅनॉल घेऊन त्याची बेंझोइक आम्लाशी अभिक्रिया केली. तयार झालेल्या पाण्यात जड ऑक्सिजन जादा आढळला नाही, तो एस्टरमध्ये होता. म्हणजे हायड्रॉक्सिल सोडतो तो आम्लाचा रेणू, अल्कोहोलचा नव्हे. १९५१ मध्ये मायरन बेंडर यांनी एस्टरच्या जलअपघटनात कार्बोनिलच्या ऑक्सिजनची पाण्यातल्या ऑक्सिजनशी अदलाबदल होते हे समस्थानिकाने दाखवले आणि चार बंधांच्या त्या मधल्या रेणूला भक्कम आधार मिळाला.

या यंत्रणेतली प्रत्येक पायरी उलटी चालू शकते. एस्टर तयार होण्याची वाट आणि एस्टर फुटण्याची वाट एकच. उत्प्रेरक ही वाट सोपी करतो ती दोन्ही दिशांना. मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढून जा किंवा बोगद्यातून जा, पुणे आहे त्याच उंचीवर राहते आणि बोगद्यातून परत येणेही तितकेच सोपे होते. कितीही प्रबळ आम्ल आणले तरी ते या नियमाला अपवाद नाही.

पाण्याचा त्रास मात्र दुहेरी आहे आणि दुसरी बाजू पुस्तकांत कमी सांगितली जाते. पाणी समतोल मागे खेचतेच, शिवाय ते वेगही मारते. प्रोटॉनला अल्कोहोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त. पाणी साचत गेले की प्रोटॉन त्याच्याशी घट्ट बांधले जातात आणि कार्बोनिलला प्रोटॉन देण्याची मिश्रणाची ताकद उतरते. पहिल्या तासात झपाट्याने चाललेली बॅच पुढे रखडते याला जवळ येणारा समतोल जेवढा कारणीभूत, तेवढाच हा निस्तेज झालेला उत्प्रेरकही. रखडलेल्या बॅचमध्ये आणखी सल्फ्युरिक आम्ल ओतायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने थोडे पाणी धरले जाते हे खरे, पण रंग काळवंडतो आणि पुढे धुलाईचे काम वाढते. तोच वेळ पाणी बाहेर काढण्यात घातला तर जास्त हाती लागते.

पाणी काढण्याचे सर्वात परिचित साधन म्हणजे डीन-स्टार्क. १९२० मध्ये डीन आणि स्टार्क यांनी ते बनवले खनिज तेलातली ओल मोजण्यासाठी, एस्टरशी त्याचा संबंध नव्हता. टोल्युइन आणि पाणी यांचे मिश्रण सुमारे ८५ अंशांना एकत्र उकळते आणि त्या वाफेत वजनाने जवळपास पाचवा हिस्सा पाणी असते. वाफ थंड झाली की पाणी खाली बसते, टोल्युइन वरून ओघळून फ्लास्कमध्ये परत जाते. पूर्वी यासाठी बेंझीन सर्रास वापरत. त्याने कर्करोग होतो हे स्पष्ट झाल्यावर टोल्युइन आणि सायक्लोहेक्झेन आले. या साधनाचा मला सर्वात मोलाचा वाटणारा गुण म्हणजे त्याची खुणा केलेली नळी. एका मोल आम्लामागे १८ मिलिलिटर पाणी यायला हवे. नळीत १६ आले असतील तर अभिक्रिया कुठे आहे ते दिसते, दरवेळी नमुना काढून टायट्रेशन करावे लागत नाही.

काही अल्कोहोल स्वतःच हे काम करतात. ब्युटॅनॉल पाण्यात फारसे मिसळत नाही. ब्युटॅनॉल, ब्युटिल ॲसिटेट आणि पाणी यांची वाफ साधारण ९१ अंशांना एकत्र निघते आणि थंड झाल्यावर दोन थर होतात. वेगळ्या टोल्युइनची गरजच पडत नाही. दोन-एथिलहेक्झॅनॉल सुमारे १८४ अंशांना उकळते, त्यामुळे तिथे पाणी रिॲक्टरमधून जवळजवळ आपण होऊन निघून जाते. त्याहून वरच्या तापमानाला तर वेगळ्या आम्ल उत्प्रेरकाचीही गरज उरत नाही. थॅलेट प्लास्टिसायझर २०० अंशांच्या आसपास टायटॅनेट उत्प्रेरकावर होतात. पॉलिएस्टरच्या पहिल्या टप्प्यात टेरेथॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल सुमारे २५० अंशांना एकमेकांशी जोडले जातात ते आम्लाच्या स्वतःच्याच प्रोटॉनवर. पाताळगंगेच्या परिसरात १९८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या पॉलिएस्टर उद्योगामागचे मूळ रसायन हेच आहे.

खरी अडचण लहान एस्टरांची. एथिल ॲसिटेट ७७ अंशांना उकळते, इथेनॉल ७८ला. त्यात एस्टर, अल्कोहोल आणि पाणी तिघे मिळून ७०.२ अंशांना एकत्र निघतात. या वाफेत ऐंशी टक्क्यांहून अधिक एस्टर असतो, पण पाणी जेमतेम आठ-नऊ टक्के. तेव्हा इथे पाण्याआधी एस्टरच बाहेर काढणे शहाणपणाचे ठरते. ॲसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळत असल्याने ते मागे राहते. वर आलेल्या मिश्रणातून अल्कोहोल काढायला कारखान्यात त्यात मुद्दाम पाणी मिसळतात. अल्कोहोल पाण्याच्या थरात उतरते, एस्टरचा थर वर राहतो. मग तो थर दुसऱ्या कॉलममध्ये कोरडा करायचा, पाण्याच्या थरातले अल्कोहोल परत मिळवायचे. या सगळ्या फेऱ्यांना वाफ लागते, आणि एथिल ॲसिटेटच्या प्रक्रियाखर्चातला मोठा वाटा या वाफेचा असतो. रिॲक्टरमधल्या उत्प्रेरक आम्लाची किंमत त्यापुढे काहीच नाही.

या कोड्याचे आजवरचे सर्वात देखणे उत्तर अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्सपोर्ट येथे ईस्टमन कंपनीने १९८०च्या दशकात दिले. कोळशापासून ॲसेटिक ॲनहायड्राइड करण्याच्या प्रकल्पात त्यांना अतिशय शुद्ध मेथिल ॲसिटेट हवे होते. मेथिल ॲसिटेट मेथॅनॉलशीही एकत्र उकळते आणि पाण्याशीही, त्यामुळे जुन्या पद्धतीत रिॲक्टरमागे ऊर्ध्वपातनाच्या कॉलमची रांगच लागे. ईस्टमनने अभिक्रिया आणि ऊर्ध्वपातन एकाच उंच कॉलममध्ये आणले. ॲसेटिक आम्ल वरच्या भागात सोडायचे, ते खाली उतरते. मेथॅनॉल खालच्या भागात सोडायचे, त्याची वाफ वर चढते. सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरक म्हणून सोबत. मधल्या टप्प्यांवर दोघांची गाठ पडते आणि एस्टर होतो. वर जाणाऱ्या एस्टरमधले पाणी खाली उतरणारे ॲसेटिक आम्लच धुऊन नेते. माथ्यावरून शुद्ध मेथिल ॲसिटेट, तळातून पाणी. कोणताही कच्चा माल फारसा जादा न घेता जवळपास पूर्ण रूपांतरण. समतोलाचा नियम इथे मोडलेला नाही. कॉलमच्या प्रत्येक पायरीवर एक उत्पादन बाहेर पडत असल्याने समतोल कुठेच पुरा होऊ दिलेला नाही, इतकेच. उत्प्रेरक मात्र तोच, शीले यांच्या काळापासूनचा खनिज आम्लाचा.

आता उत्प्रेरकांकडे वळू. सल्फ्युरिक आम्ल स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, मिश्रणात पूर्ण विरघळते आणि एक-दोन टक्क्यांत काम करते. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. रिॲक्टर काचअस्तराचा किंवा भारी मिश्रधातूचा लागतो. तापमान वाढले की अल्कोहोलपासून ईथर आणि अल्कीन होऊ लागतात, तेलकट आम्ले काळी पडतात. शेवटी सोडा घालून उदासीन करावे लागते आणि खारट सांडपाणी निघते. सांडपाण्यातल्या क्षारांवर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा डोळा असतो, तेव्हा हे पाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात नुसते ढकलून देता येत नाही. पीटीएसए, म्हणजे पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल, घन असते, मोजायला सोपे आणि ऑक्सिडीकरणाचा त्रास नसलेले. नाजूक रंगाच्या मालाला ते बरे पडते. उदासीन करण्याचे काम मात्र तेवढेच राहते.

आयन-विनिमय रेझिनने हे काम वाचवले. पॉलिस्टायरीनच्या सच्छिद्र मण्यांवर सल्फोनिक गट बसवलेले असतात, आम्ल मण्यातच राहते आणि गाळले की माल वेगळा. मणी कॉलममध्ये भरून ठेवले तर गाळण्याचीही गरज नाही. भारतात पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची आयन एक्सचेंज या कंपन्या अशी रेझिने बनवतात. रेझिनच्या वापराचे शास्त्र घडवण्यात माटुंग्याच्या युडीसीटीचा, म्हणजे आजच्या आयसीटीचा, वाटा फार मोठा आहे. एम. एम. शर्मा यांनी १९९५ मध्ये रेझिन-उत्प्रेरकांचा घेतलेला आढावा आजही संदर्भासाठी उघडला जातो. रेझिनला दोन पथ्ये आहेत. नेहमीच्या सल्फोनिक रेझिनला १२० अंशांच्या वर नेता येत नाही, सल्फोनिक गट झडू लागतात. दुसरे म्हणजे गंजलेल्या पाइपातून येणारे लोहाचे आयन किंवा कच्च्या मालातला सोडियम प्रोटॉनच्या जागी जाऊन बसतात आणि रेझिन हळूहळू मरते. ते आम्लाने धुऊन पुन्हा जिवंत करता येते, पण पहिल्यापासून पाइप आणि कच्चा माल सांभाळणे केव्हाही स्वस्त. आणि पाणी इथेही पाठ सोडत नाही. सल्फोनिक गटांभोवती ते दाटते आणि आम्ल व अल्कोहोल यांना तिथवर पोचू देत नाही.

त्यापलीकडे घन आम्लांचे मोठे कुटुंब आहे: सल्फेटित झिरकोनिया, हेटरोपॉलिआम्ले, झिओलाइट, सल्फोनिक गट बसवलेला कार्बन. आयसीटीमध्ये जी. डी. यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झिरकोनियावर आधारित 'युडीकॅट' मालिकेतले उत्प्रेरक घडवले आणि सुगंधी एस्टरांसाठी वापरून दाखवले. २००५ मध्ये जपानच्या मिचिकाझू हारा आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोज आणि साखर अर्धवट जाळून तिच्यावर सल्फोनिक गट चढवले आणि त्या कार्बनवर तेलातल्या मेदाम्लांचे एस्टर केले. उसाच्या मुलखातल्या संशोधकाने या कामाकडे जरूर पाहावे.

या साहित्याबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नव्या घन आम्लावरच्या शोधनिबंधात ९५ टक्के रूपांतरणाचा आकडा ठळक असतो. आत पाहावे तर अल्कोहोल दहापट घेतलेले असते. वर पाहिल्याप्रमाणे ॲसेटिक आम्ल-इथेनॉलसारख्या जोडीत दहापट अल्कोहोलने समतोलच ९७ टक्क्यांवर जातो. मग त्या ९५ मधले उत्प्रेरकाचे श्रेय किती? ते कळायला सुरुवातीचा वेग मोजावा लागतो आणि उत्प्रेरकाशिवाय तीच अभिक्रिया करून पाहावी लागते, कारण कार्बोक्झिलिक आम्ल स्वतःच थोडेफार उत्प्रेरण करते. पुनर्वापराच्या दाव्यांचेही तसेच. पाच वेळा वापरूनही रूपांतरण घटले नाही असे दाखवले जाते, पण प्रत्येक फेरी समतोलापर्यंत चालवलेली असते. निम्मा उत्प्रेरक मेला असता तरी तेवढ्या तासांत तोच आकडा आला असता. शिवाय सल्फेटित झिरकोनियातून पाण्याबरोबर सल्फेट सुटून येऊ शकते. ते सुटले तर काम घन आम्ल करत नसून द्रवात उतरलेले सल्फ्युरिक आम्ल करत असते. गरम असतानाच घन गाळून उरलेला द्रव पुढे चालतो का हे पाहण्याची साधी चाचणी आहे. ती ज्या निबंधात नाही त्यातल्या दाव्यावर मी भिस्त ठेवणार नाही. सार्वजनिक पैशातून एवढे संशोधन होते, तर त्याची तुलना कारखान्याला करता आली पाहिजे.

काही ठिकाणी फिशरची पद्धत मुळातच लागू पडत नाही. १८९४ मध्ये व्हिक्टर मायर यांनी दाखवले की कार्बोक्झिल गटाच्या दोन्ही शेजारच्या जागा भरलेली बेंझोइक आम्ले हायड्रोजन क्लोराइडच्या साहाय्याने मेथॅनॉलशी जवळजवळ अभिक्रिया करतच नाहीत. चार बंधांच्या मधल्या रेणूला तिथे जागाच नसते. तृतीयक अल्कोहोल आम्लाच्या सान्निध्यात पाणी गमावून अल्कीन होतात. फिनॉलच्या एस्टरांचा समतोलच प्रतिकूल असतो, म्हणून ॲस्पिरिनसाठी ॲसेटिक आम्ल घेत नाहीत, ॲनहायड्राइड घेतात. प्रबळ आम्ल न सोसणाऱ्या नाजूक रेणूंसाठी १९७८ची श्टेग्लिश पद्धत आहे. तिच्यात डीसीसी नावाचे संयुग पाणी स्वतःत ओढून घेते, समतोलाचा प्रश्नच मिटतो. पण हिशेब पाहा. फिशरच्या वाटेने १०६ ग्रॅम कच्च्या मालातून ८८ ग्रॅम एथिल ॲसिटेट आणि १८ ग्रॅम पाणी मिळते. डीसीसीच्या वाटेने त्याच ८८ ग्रॅमांमागे २२४ ग्रॅम डायसायक्लोहेक्झिल युरिया उरते. मोलाच्या औषधी रेणूसाठी ते परवडते, शाईच्या द्रावकासाठी नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध मळीतून येतो. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल, त्यापासून ॲसिटाल्डिहाइड, त्यापासून ॲसेटिक आम्ल आणि त्याचा पुन्हा अल्कोहोलशी एस्टर, अशी सगळी साखळी उसावर उभी राहू शकते. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीज एथिल ॲसिटेट करते, महाडला लक्ष्मी ऑरगॅनिक करते. पॅकिंगवरच्या छपाईची शाई, चिकटद्रव्ये आणि औषधनिर्मितीतले निष्कर्षण यांत हा एस्टर खपतो.

याच्याच जोडीला विरल ॲसेटिक आम्लाचा प्रश्न आहे. सेल्युलोज ॲसिटेट, टेरेथॅलिक आम्ल आणि ॲनहायड्राइडच्या अनेक प्रक्रियांतून ते बाहेर पडते. पाणी उकळून ते तीव्र करायचे म्हणजे इंधनाची नासाडी, आणि चुन्याने उदासीन करून टाकायचे म्हणजे आम्लाची. पुढे आयआयटी मुंबईत दीर्घकाळ काम केलेल्या संजय महाजनी यांनी सहकाऱ्यांसह २०००च्या सुमारास एक वेगळा मार्ग तपासला. रेझिन भरलेल्या कॉलममध्ये विरल आम्ल आणि ब्युटॅनॉल सोडायचे. तयार होणारे ब्युटिल ॲसिटेट पाण्यासोबत वाफेने वर येते आणि वेगळा थर करून बसते. एवढ्या पाण्यात समतोल अतिशय प्रतिकूल असतानाही बहुतेक आम्ल एस्टरच्या रूपाने परत मिळवता येते. जिथे पाणी सर्वाधिक, तिथेच पाणी आणि एस्टर न मिसळण्याचा गुण कामाला लावलेला आहे. मला हे काम या विषयातल्या सर्वात उपयोगी भारतीय कामांपैकी एक वाटते.

बायोडिझेलमध्ये पाणी वेगळ्या रूपात छळते. करंजाचे साठवून खराब झालेले तेल किंवा भजी-वडे तळून उरलेले तेल यांत मुक्त मेदाम्ले बरीच असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा 'रुको' उपक्रम सुरू केला, तेव्हापासून या तेलाला बाजारही आहे. पण मुक्त मेदाम्ले साधारण एक टक्क्याहून जास्त असली तर नेहमीचा अल्कली उत्प्रेरक त्यांच्याशी साबण करून बसतो आणि ग्लिसरीन वेगळे होता होत नाही. म्हणून आधी मेथॅनॉल आणि थोडे सल्फ्युरिक आम्ल घेऊन ही मेदाम्ले एस्टर करून घेतात, मग अल्कली. शंभर किलो तेलात २० किलो मेदाम्ल असेल तर या पहिल्या टप्प्यात सव्वा किलोच्या वर पाणी तयार होते. दिसायला थोडे, पण ते मेथॅनॉल आणि आम्लाच्या लहानशा थरातच साचते आणि अभिक्रिया तिथेच अडते. आम्लाची मात्रा वाढवून काही होत नाही. मिश्रण स्थिर ठेवून तो ओला थर काढायचा, कोरडे मेथॅनॉल आणि थोडे आम्ल घालून दुसरी फेरी द्यायची, हा त्यावरचा खरा उपाय. लहान प्रकल्पात मेथॅनॉल परत मिळवताना ते नीट कोरडे करण्याचा कॉलम नसतो. तेच ओले मेथॅनॉल पुन्हा वापरले जाते आणि मग दोष तेलाला दिला जातो. असा प्रकल्प उभा करणाऱ्याने पैसा आधी या कॉलमवर घालावा.

या सगळ्यात एक प्रयोग असा आहे की ज्याने माझी पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. २००१ मध्ये टोकियोतल्या शू कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी चक्क पाण्यातच एस्टरीकरण करून दाखवले. उत्प्रेरक म्हणून डोडेसिलबेंझीन सल्फोनिक आम्ल घेतले. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या डिटर्जंटचे हे आम्लरूप. त्याची लांब तेलकट शेपटी आणि आम्लाचे डोके यांमुळे पाण्यात सूक्ष्म तेलकट थेंब तयार होतात. मेदाम्ल आणि लांब साखळीचे अल्कोहोल त्या थेंबात जमतात, प्रोटॉन थेंबाच्या पृष्ठभागावर असतात. आत एस्टर झाला की सुटलेले पाणी बाहेर ढकलले जाते. भोवती सगळे पाणी असूनही रूपांतरण चांगले होते, कारण अभिक्रिया घडते ती जागा कोरडी असते. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉलसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या जोडीला हा मार्ग खुला नाही.

आणि पुढची मोठी गरज नेमकी त्याच जोड्यांची आहे. किण्वनाने मिळणारी लॅक्टिक, सक्सिनिक, ब्युटिरिक ही आम्ले पाण्यातच जन्मतात आणि किण्वनाचे इथेनॉलही. लॅक्टिक आम्ल शुद्ध करायला आधी त्याचा एस्टर करून तो ऊर्ध्वपातित करायचा आणि मग पुन्हा फोडून आम्ल मिळवायचे, ही पद्धत आजही वापरात आहे. तिच्या खर्चाचा मोठा भाग आधी द्रावणातले पाणी उडवण्यात जातो. किण्वनाचे ते पातळ द्रावण थेट घेऊन त्यातून एस्टर बाहेर काढता येईल असा कॉलम, पाणी गाळून काढणारे पटल, किंवा पाण्याला दूर ठेवणारा घन आम्लाचा मणी, यांपैकी जे आधी स्वस्तात जमेल त्यावर उसापासून रसायने बनवण्याचे गणित बरेचसे अवलंबून आहे. आयसीटी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), आयआयटी मुंबई आणि साखरपट्ट्यातल्या डिस्टिलऱ्या एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. एकत्र बसून हा प्रश्न घ्यायला यापेक्षा सोयीचा भूगोल दुसरीकडे मिळणे कठीण आहे.